पाणीकपातीत गाडी कशी धुवावी? एका बादलीत होणारं काम

ईदच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत भांडण झालं. आमच्याकडे, मराठवाड्यातल्या बऱ्याच शहरांसारखंच, उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. त्या आठवड्यात सहाव्या दिवशी आलं होतं. गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या एका तरुणाने नळाला मोटार लावली, पाईप जोडला आणि दारातली गाडी धुवायला घेतली. ईदला सासरी जायचं होतं, गाडी चकचकीत हवी होती. खालच्या टोकाला राहणाऱ्या खाला रिकामी घागर घेऊन वर आल्या. "अरे बाबा, नळ येऊन अर्धा तास झाला, आमच्याकडे अजून घागर भरली नाही. तू मोटार लावून गाडी धुतोस?" मुलगा म्हणाला, "खाला, पाणीपट्टी आम्हीपण भरतो." शब्दाला शब्द वाढला, मग दोन्हीकडची माणसं गोळा झाली.

खरं तर दोघांचीही गरज खोटी नव्हती. सणाला गाडी स्वच्छ असावी असं कुणालाही वाटतं. पण पाईपशिवाय गाडी स्वच्छ होत नाही, हा समज खोटा आहे. नीट पद्धत माहीत असेल तर एक साधी कार पंधरा लिटरच्या एका बादलीत स्वच्छ होते. रंगावर ओरखडे येत नाहीत आणि कुणाच्या घागरीतलं पाणीही जात नाही. ती पद्धत, तिच्यासाठी लागणारं सामान आणि घ्यायची काळजी इथे एकत्र देत आहोत.

निर्बंध म्हणजे नेमकं काय?

पाण्यावरचे निर्बंध साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार म्हणजे टक्केवारीची कपात. मुंबईत २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात लागू झाली होती. यात पाणी रोज येतं, पण कमी वेळ किंवा कमी दाबाने येतं. दुसरा प्रकार म्हणजे दिवसाआड, चार दिवसांआड किंवा आठवड्यातून एकदा पाणी सोडणं. तिसरा प्रकार म्हणजे विशिष्ट वापरावर बंदी. बंगळुरूमध्ये मार्च २०२४ मध्ये तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाड्या धुणं, बागकाम, बांधकाम अशा कामांना वापरण्यावर बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. पुन्हा तीच चूक केली तर रोज ५०० रुपये जादा.

आपल्या शहरात कोणता निर्बंध आहे, हे महापालिका किंवा नगरपालिकेच्या आदेशात बघून घ्यावं. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. बंदी फक्त नळाच्या पाण्यावर आहे की बोअरच्याही? बंदी पाईपने धुण्यावर आहे की कोणत्याही पद्धतीने धुण्यावर? दंड कुणाला, गाडीमालकाला की सोसायटीला? आदेशात पूर्ण बंदी असेल तर खाली दिलेल्या पद्धतीतलं फक्त काच, दिवे आणि नंबर प्लेट पुसण्यापुरतं काम करावं, तेही नळाचं पाणी न घेता.

लातूरचा हिशेब

आपल्या राज्यात पाणीटंचाईचं सर्वात ठळक उदाहरण २०१६ च्या लातूरचं आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. तिला दहा वॅगन होत्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे त्या अख्ख्या गाडीचं पाणी वाटलं तर माणशी दीड लिटरही आलं नसतं.

आता हाच आकडा गाड्या धुण्याला लावून बघू. शाळेत आम्ही मुलांना घरच्या नळाचं पाणी मोजून आणायला सांगतो, तोच प्रयोग आम्ही घरी केला. अर्धा इंची पाईपने पंधरा लिटरची बादली भरायला सव्वा मिनिट लागलं. म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाईप चालू ठेवून गाडी धुवायला पंधरा मिनिटं धरली तर १८० लिटर पाणी जातं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी मानक आहे. म्हणजे एका माणसाच्या पूर्ण दिवसाच्या पाण्यापेक्षाही जास्त पाणी एका गाडीला लागलं.

लातूरच्या त्या पहिल्या रेल्वेतलं सगळं पाणी पाईपने गाड्या धुवायला वापरलं असतं, तर जेमतेम २,८०० गाड्या एकदा धुऊन झाल्या असत्या. बादलीच्या पद्धतीने त्याच पाण्यात ३५ हजारांहून जास्त गाड्या झाल्या असत्या. आपल्या घरचा हिशेब करायचा असेल तर बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढं पुरे आहे. मुलांनाच करायला द्या, त्यांच्या लक्षात राहतो.

काय धुणं गरजेचं, काय थांबू शकतं?

टंचाईत सगळी गाडी धुण्याआधी हे ठरवावं. काही भाग स्वच्छ असणं सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे आणि ते टाळू नये:

- पुढची आणि मागची काच, खिडक्यांच्या काचा
- बाजूचे आरसे
- हेडलाइट, टेललाइट, इंडिकेटर
- नंबर प्लेट (ती स्पष्ट वाचता येणं कायद्यानेही बंधनकारक आहे)
- मागचा कॅमेरा आणि बंपरवरचे सेन्सर
- वायपरचं रबर

या सगळ्याला मिळून दोन लिटर पाणी पुरतं. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रकाश धुळीच्या काचेवर पसरतो आणि क्षणभर रस्ताच दिसत नाही. त्यामुळे हे काम आठवड्यातून एकदा करावंच.

काही डाग असे आहेत की ते थांबवून ठेवता येत नाहीत. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक आणि काचेवर-बंपरवर चिकटून मेलेले किडे हे उन्हात तापून रंगावरचा पारदर्शक थर खातात. हे दिसतील त्या दिवशीच काढावेत. ओलं फडकं डागावर पाच-दहा मिनिटं ठेवून द्यायचं, डाग मऊ झाला की न घासता उचलून घ्यायचा.

बाकीची साधी धूळ दोन-तीन आठवडे राहिली तरी गाडीचं काही बिघडत नाही. धुळीची गाडी ही टंचाईच्या दिवसांत लाजेची गोष्ट नाही.

सर्वात मोठी चूक: कोरडं फडकं

पाणी नाही म्हणून बरेच लोक रोज सकाळी कोरड्या फडक्याने किंवा झटकणीने गाडी पुसतात. पाणी वाचतं, पण रंग जातो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते गाडीच्या रंगापेक्षा खूप कठीण असतात. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे त्या थरावर बारीक पॉलिश पेपर फिरवणं. उन्हात काळ्या किंवा गडद रंगाच्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक वेळा यातूनच आलेले असतात.

दुसरी चूक म्हणजे एकाच बादलीत एकच फडकं बुडवून पिळून पूर्ण गाडी पुसणं. दुसऱ्या दारापर्यंत बादलीतलं पाणी मातीचं झालेलं असतं आणि आपण तीच माती पुन्हा रंगावर घासत असतो.

नियम एवढाच: आधी धूळ ओली करा, मग उचला. आणि मळलेलं फडकं स्वच्छ पाण्यात परत घालू नका.

कोणतं पाणी चालेल?

घरात वाया जाणारं पाणी अनेक ठिकाणी असतं. सगळंच सगळ्या कामाला चालत नाही.

एसीचं पाणी: हवेतली वाफ थंड होऊन हे पाणी तयार होतं, त्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. काचा आणि रंग शेवटी पुसायला याच्याइतकं चांगलं पाणी नाही. पांढरे डाग राहत नाहीत. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे हे भरपूर मिळतं, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कमी मिळतं. हे पाणी पिऊ नये आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नये.

आरओ फिल्टरचं बाहेर पडणारं पाणी: यात क्षार जास्त असतात. पायपुसण्या, चाकं, चिखल भिजवणं यासाठी उत्तम. रंगावर किंवा काचेवर हे वाळू दिलं तर पांढरे ठिपके पडतात.

वुजूचं पाणी: यात साबण नसतो, त्यामुळे ते बरंच स्वच्छ असतं. वुजूला वापरलेलं पाणी स्वतः पाक असतं, मात्र त्याने पुन्हा वुजू होत नाही, असं हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत सांगितलेलं आहे. त्यामुळे ते गाडीला वापरायला अडचण नाही. घरी वुजू करताना खाली टब ठेवला तर दिवसभरात एक-दोन बादल्या सहज जमतात. ते गाळून घ्यावं आणि धूळ भिजवायला, खालचा भाग आणि चाकं पुसायला वापरावं.

कपड्यांचं पाणी: शेवटच्या खळबळीचं पाणी चाकांना आणि अंगण धुवायला चालेल. रंगाला नको, त्यात धुण्याच्या पावडरीचा अंश असतो. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही गाडीला नको, ते झाडांना घाला.

बोअर आणि टँकरचं पाणी: हे बऱ्याचदा जड असतं. वापरावं लागलं तर एकेक भाग ओला करून लगेच कोरडा करावा. आणि बोअरचं पाणी म्हणजे फुकटचं पाणी नव्हे. आपल्या बोअरची पातळी खाली गेली की शेजारच्याचीही जाते.

साठवलेल्या पाण्याबद्दल एक इशारा. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. गाडीसाठी साठवलेला ड्रम किंवा टब झाकलेला ठेवा आणि आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासून कोरडा करा. घरात रांगणारं मूल असेल तर भरलेली बादली खाली उघडी ठेवू नका. थोड्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

काय सामान लागेल?

- मायक्रोफायबरची आठ फडकी. जुनी बनियन किंवा टॉवेल चालवून घेऊ नका, त्यांच्या शिवणीने ओरखडे पडतात.
- चाकांसाठी वेगळं जुनं फडकं आणि ब्रश. हे रंगाला कधीही लावायचं नाही.
- दोन लिटरचा हाताने दाबायचा फवारणीचा पंप. नवाच घ्या. कीटकनाशक किंवा तणनाशक भरलेला पंप वापरू नका.
- झाकणाची एक बादली.
- गाडीचा शाम्पू किंवा पाण्याने पुन्हा न धुता वापरता येणारं द्रावण. असं द्रावण बाजारात 'रिन्सलेस वॉश' नावाने मिळतं. त्यातला चिकट घटक धुळीच्या कणाभोवती थर धरतो, त्यामुळे कण रंगावर घासला न जाता फडक्यात येतो. किती पाण्यात किती टाकायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं. जास्त टाकून जास्त स्वच्छ होत नाही, उलट चिकट थर राहतो.

भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका. ते रंगावरचा मेणाचा थर काढून टाकतात. शिवाय फेस जास्त होतो आणि तो काढायला पुन्हा पाणी लागतं. शाम्पू वापरणार असाल तर पाच लिटरला एक छोटं झाकण, त्याहून जास्त नको.

पद्धत: पाण्याचं गणित १४ लिटर

हे माप साध्या लहान कारसाठी आहे. मोठ्या गाडीला चार-पाच लिटर जास्त लागतील. फवारणीला २ लिटर, बादलीत ८ लिटर आणि शेवटी फडकी धुवायला ४ लिटर.

पहिलं, वेळ आणि जागा. सकाळी लवकर किंवा असरनंतर, सावलीत. बोनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, नाहीतर पाणी क्षणात वाळून डाग पडतात. नुकतीच लांबून आलेली गाडी असेल तर चाकांवर पाणी टाकू नका. तापलेल्या ब्रेकच्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकण्याची शक्यता असते.

दुसरं, आठ लिटर पाण्यात द्रावण मिसळून सात फडकी त्यात भिजत घाला. आठवं कोरडं ठेवा.

तिसरं, पंपाने टपापासून सुरुवात करून एकेक भाग ओला करा आणि एक-दोन मिनिटं थांबा. धूळ मऊ व्हायला हा वेळ लागतो. पूर्ण गाडी एकदम ओली करू नका, शेवटच्या भागापर्यंत पहिला वाळून जातो.

चौथं, बादलीतून एक फडकं काढा, हलकं पिळा आणि चार घडी करा. आता त्याच्या पुढून-मागून मिळून आठ स्वच्छ बाजू झाल्या. एका बाजूने सरळ रेषेत, दाब न देता एक-दोन हात फिरवा. मग बाजू बदला. गोल गोल फिरवायचं नाही. आठही बाजू मळल्या की ते फडकं बाजूला ठेवा. बादलीत परत टाकायचं नाही. यामुळे बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं.

पाचवं, क्रम. टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा भाग, दारांचा खालचा भाग, बंपर. खालच्या भागात माती सर्वात जास्त असते, म्हणून तो शेवटी.

सहावं, प्रत्येक भाग पुसून झाला की लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

सातवं, चाकं. त्यांच्या वेगळ्या फडक्याने आणि ब्रशने, आरओ किंवा वुजूच्या पाण्याने.

शेवटी, फडकी चार लिटर पाण्यात धुऊन सावलीत वाळत घाला. हेच पाणी अंगणातल्या मातीत किंवा पायरी धुवायला वापरता येईल.

पहिल्यांदा करताना पाऊण तास लागतो. दोन-तीन वेळा केल्यावर अर्ध्या तासात होतं.

चिखल असेल तर?

वरची पद्धत धुळीसाठी आहे. गावी शेतात गेलेली, चिखलाने भरलेली गाडी फडक्याने पुसायला जाऊ नका. वाळलेला चिखल तसाच राहिला तर फार नुकसान नाही, घासला तर मात्र आहे. जुने टॉवेल आरओच्या पाण्यात भिजवून चिखलावर दहा मिनिटं पसरून ठेवा आणि अलगद उचला. दोन-तीन वेळा असं केल्यावर थर निघून जातो, मग नेहमीची पद्धत. मडगार्डच्या आतला चिखल लाकडी काडीने किंवा हाताने काढावा, तिथे ओलावा धरून गंज लागतो.

कोकणातल्या आपल्या वाचकांना खाऱ्या हवेचा त्रास वेगळा असतो. समुद्रकिनारी गाडी नेली असेल तर मीठ पत्र्याला खातं, त्यामुळे खालचा भाग धुणं टाळता येत नाही. अशा वेळी धुण्याच्या सेंटरवर जावं, पण आधी विचारावं की ते पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात का. जिथे टँकरचं पाणी सरळ गटारात जातं, तिथे पैसे देऊन आपण टंचाईच वाढवतो.

आतली सफाई

आतून गाडी साफ करायला पाणी जवळजवळ लागतच नाही. पायपुसण्या बाहेर काढून झटका, उन्हात ठेवा. सीटवरची धूळ व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने काढा. डॅशबोर्ड किंचित ओल्या फडक्याने पुसा. बटणं, स्क्रीन, चार्जिंगची जागा यांवर पाणी किंवा फवारा मारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. काच आतून पुसायला विसरू नका. रात्री चकाकणारा थर बऱ्याचदा आतल्या बाजूला असतो.

सुरक्षिततेच्या काही गोष्टी

- बोनेटखाली पाणी मारू नका. फ्यूज, वायरिंग आणि सेन्सर तिथे असतात. वाळलेल्या ब्रशने धूळ काढा.
- विजेवर चालणाऱ्या गाडीची चार्जिंगची वायर जोडलेली असताना धुऊ नका.
- प्रेशरचं मशीन वापरत असाल तर एक्स्टेन्शन बोर्ड ओल्या जमिनीवर ठेवू नका. लाइन सुरक्षा स्विचवर असावी. नोझल टायरच्या बाजूच्या भिंतीजवळ धरू नका, रबराला इजा होऊ शकते.
- दुचाकी धुताना सायलेन्सरचं तोंड आणि हँडलवरची बटणं कोरडी ठेवा. ब्रेकच्या डिस्कला मेण, पॉलिश किंवा तेल लागता कामा नये.
- चाकं ओली झाली असतील तर निघताना पहिल्या काही मीटरवर हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा. ओल्या ब्रेकला पकड उशिरा येते.
- गाडीवर कव्हर घालायचं असेल तर स्वच्छ गाडीवरच घाला. धुळीच्या गाडीवर कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि तेही ओरखडे पाडतं.
- विहीर, तलाव, नदीकाठ इथे गाडी धुऊ नका. साबण आणि तेल पाण्यात उतरतं. तेच पाणी कुणाच्या तरी प्यायला किंवा जनावरांना लागतं.

दर दोन-तीन महिन्यांनी गाडीला मेण लावून घेतलं तर धूळ कमी चिकटते आणि पुढच्या वेळी पाणी कमी लागतं.

गाडी पुसणाऱ्या भावाचं काय?

मुंब्रा, मीरा रोड, पुणे अशा ठिकाणच्या सोसायट्यांमध्ये गाड्या धुण्याचं काम महिन्याच्या पगारावर कुणीतरी करत असतं. पाण्यावर निर्बंध आला की सर्वात आधी त्याचं काम बंद होतं. आमची विनंती आहे की त्याला काढू नका. त्याला फडकी आणून द्या, वरची पद्धत एकदा करून दाखवा आणि रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा काचा-दिवे आणि पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण गाडी असं काम ठरवा. पगार तोच ठेवा. या पद्धतीत पाणी कमी पण मेहनत जास्त आहे, म्हणून पैसे कापण्याचं काही कारण नाही. सोसायटीने मिळून फडकी आणि द्रावण घेतलं तर प्रत्येकाला खर्चही फार येत नाही.

आमच्या गल्लीत पुढे काय झालं?

त्या संध्याकाळी मोटार बंद झाली आणि खालच्या घरांना पाणी आलं. मोटारीने लाईनमधलं पाणी ओढलं की खालच्या टोकाला दाब राहत नाही. हे त्या मुलाला माहीत नव्हतं असं नाही. त्याला पाणीपट्टी भरली म्हणजे हिशेब संपला असं वाटत होतं. पण लाईन एकच असते. पाणीपट्टी आपण आपल्या नळाची भरतो, शेजाऱ्याच्या वाट्याची नाही.

इशाच्या नमाजनंतर तो आमच्याकडे आला. आमच्या घरच्या एसीचं पाणी कॅनमध्ये भरलेलं होतं, फडकी होती. आम्ही दोघांनी मिळून त्याची अर्धी धुतलेली गाडी अंगणातल्या दिव्याच्या उजेडात पुसून काढली. वापरलेलं पाणी मोजलं तर बादलीही पूर्ण संपली नव्हती. सकाळी ईदगाहहून आल्यावर तो सासरी निघण्याआधी शीरखुर्म्याचा डबा घेऊन खालांच्या दारात गेला. खालांनी गाडीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "कशाने धुतलीस रे?" तो म्हणाला, "एसीच्या पाण्याने." त्यांना आधी खरं वाटलं नाही. आता त्यांच्या नातवाच्या स्कूटीला तेच पाणी लागतं, आणि त्यासाठी आमच्याकडे कॅन ठेवून गेल्या आहेत.